पत्र्याच्या खोलीतले प्रतिवादी

गिरणीची मोटर उचलून न्यायला कोर्टाची माणसं दारात आली, तेव्हा सत्यभामाबाई ज्वारी पाखडत होत्या.

"फायनान्सवाल्यांच्या दाव्यात तुम्ही हजर झाला नाहीत. एकतर्फी निकाल लागला. मोटर जप्त," बेलीफ मोहनराव म्हणाले.

"आमाला बोलवलं कव्हा?" गिरणीवाल्यांनी विचारलं.

(गोष्ट सत्यभामाबाईंच्या बाजूनं सांगायची आहे. त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून आपणही घ्यायचं नाही. मोहनराव घेतील. त्यांना कोण अडवणार?)

"हनुमानराव, समन्स तुमच्या दारावर मी स्वतः चिकटवलंय."

दार तर सगळ्यांच्या समोरच होतं. त्यावर पिठाचे पंजे होते, दुसरं काही नव्हतं.

मोटरीच्या कर्जाचे हप्ते कधीच फिटले होते. पावत्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. पण मोटर गेली तर गिरणी बंद, आणि गिरणी बंद तर घराची चूलही. पाटोद्याला वकिली करणारी पुतणी स्वप्नाली धावून आली. तिनं जप्ती थांबवून घेतली, निकाल रद्द करायचा अर्ज टाकला आणि बेलीफाचा अहवाल मिळवून मोठ्यानं वाचला:

'प्रतिवादी हनुमान हे घराचे बांधकाम चालू असल्याने पत्र्याच्या खोलीत राहतात, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. तीन वेळा हाका मारल्या. आतून उत्तर नाही. समन्स दारावर चिकटवले.'

"पत्र्याची खोली?" गिरणीवाले म्हणाले.

सगळे सत्यभामाबाईंकडे बघू लागले. सत्यभामाबाई सुपाकडे बघू लागल्या.

मागे जाऊ. ऊन मी म्हणत होतं. गावात नवाच आलेला एक माणूस गिरणीच्या दारात हेल्मेट न काढता विचारत होता, "हनुमान कुठं भेटतील?"

"पत्र्याच्या खोलीत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बांधकाम हुईस्तवर तिथंच हायत."

"आता असतील?"

"जातेत कुठं?"

"बोलतील ना माझ्याशी?"

"मनापासून हाक मारली तर."

त्यांच्या कानाला त्या नावाचा धनी एकच, शेंदूर लावलेला. देवळाचा जीर्णोद्धार चालला होता, म्हणून मारुतराया शेजारच्या पत्र्याच्या खोलीत मुक्कामाला होते.

अहवाल तिथंच टाकून सगळे तिकडे धावले. दारावर शेंदराचा जाड थर होता, त्यावर रुईच्या माळा. पुजारी बंकटनं नखानं खरवडलं, तर खालून कोर्टाचा शिक्का निघाला.

"मला वाटलं कुणाच्या तरी नवसाची चिठ्ठी हाय," बंकट म्हणाला. "गुण लई हाय बरं. सत्यभामावहिनी, तुमीबी नारळ फोडला हुता की हितं."

फोडला होता. गिरणी अशीच चालू दे म्हणून.

पाटोद्याचं कोर्ट. पिंजऱ्यात सत्यभामाबाई उभ्या होत्या.

"मी देवाचा पत्ता सांगितला, म्याडम. ह्यांचं नाव मी कव्हाच घेतलं न्हाई."

फायनान्सचा वकील हसला. "आजच्या काळात? हा सगळा बनाव आहे."

"अर्जदाराला बोलवा," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. "तेच सांगतील."

शिपायानं पुकारा केला. पानाच्या तोबऱ्यातून काय आलं ते त्यालाच ठाऊक. कुणी आलं नाही. दुसरा पुकारा झाला, तरी कुणी नाही. गिरणीवाले चहाला गेले होते.

"अर्जदार गैरहजर असेल तर अर्ज काढून टाकावा लागेल," मॅडमनी पेन उचललं.

सत्यभामाबाई परवानगी न विचारताच पिंजऱ्यातून उतरल्या आणि व्हरांड्यात गेल्या. समोर चहाची टपरी, टपरीभोवती गर्दी.

"अवो, आयकलं का!"

टपरीवरचे झाडून सगळे लग्न झालेले पुरुष वळले. एकटे गिरणीवाले भज्याच्या कढईकडे तोंड करून उभे.

"अवो!"

एकजण रस्ता ओलांडून निघालासुद्धा.

आत पेन कागदाला टेकत होतं. सत्यभामाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि

हनुमान.

टपरीवर ग्लास फुटला.

गिरणीवाले आत आले ते हातातली भजी विसरून. पिंजऱ्यात उभे राहिले, पण नजर बायकोवरून हलेना.

"पत्नी तुम्हाला नावानं हाक मारतात का?" मॅडमनी विचारलं.

"मारली, साहेब. आत्ताच. पहिल्यांदा. लिहून घ्या ना तेवढं."

फायनान्सच्या वकिलानं त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मॅडमनीही पाहिलं. मग त्यांनी लिहिलं: समन्स प्रतिवादीला मिळालेलं नाही. एकतर्फी निकाल रद्द. दावा पुन्हा चालवावा.

"आता पावत्या दाखवू," बाहेर येताच स्वप्नाली म्हणाली. "काका, ऐकताय ना?"

काका मागे राहिले होते. स्टँडच्या रस्त्यावर लिंबाच्या झाडाआड ते मुद्दाम उभे होते, अर्धं पोट बाहेर.

"मी हरवलोय," ते झाडामागून म्हणाले. "हाक मारावी लागंल."

सत्यभामाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आता हायकोर्टात," त्या म्हणाल्या, आणि एसटीकडे चालू लागल्या.