माणिकअप्पांचं नेट रोज वाढतं

माणिकअप्पांच्या घरात बसून 'साखर संपली' असं एकदा म्हणून बघा. बोलणं पुरं व्हायच्या आत तुमच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला जाईल. "असं बोलू न्हाई. साखर वाढली म्हणावं," असं अप्पा वरून सांगतील आणि गुळाचा डबा परत कोनाड्यात ठेवतील.

तसं दुकान बंद केलं असं आपल्याकडं कुणीच म्हणत नाही. वाढवलं म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. पण लोक तेवढ्यावर थांबतात. अप्पा थांबले नाहीत. चिटगुप्प्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं, आणि गल्ल्यावर बसून बसून त्यांना वाईट शब्दाची शिसारीच बसली. त्यांची चप्पल तुटत नाही, वाढते. सायकलची हवा जात नाही, वाढते. एका उन्हाळ्यात माझी म्हैस आटली, तर भर बाजारात मोठ्यानं म्हणाले, "काय दिगंबरा, तुझ्या म्हशीचं दूध वाढलं म्हणं?" संध्याकाळी माझ्या दारात चार माणसं किटल्या घेऊन उभी.

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. मी तिसरी शिकलेला माणूस, पण कुणाला भिऊन शब्द बदलला नाही. मेलं ते मेलं म्हणतो, सडलं ते सडलं म्हणतो. त्यामुळं त्या डब्यातला निम्मा गूळ माझ्याच पोटात गेला आहे.

अप्पांची बायको रुक्मिणअक्का मागच्या साली वारली. हा शब्द मी लिहिला; अप्पांनी अजून तोंडातून काढलेला नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "ती पुढं झाली." जत्रेला निघाल्यावर बायका चपला घालून पुढं होतात ना, तसं.

त्यांची लेक शोभा हैदराबादला नोकरीला आहे. आई गेल्यापासून तिचा जीव बापात. रोज फोन करायची. पण ह्या माणसाला फोनवर विचारून काय कळणार? ताप आला तर म्हणायचे, "अंगात ऊब हाय." न्हाणीत पडले, गुडघा दुधी भोपळ्याएवढा झाला, तर म्हणे, "गुडघा जरा भरलाय." लेकीला वाटलं, बाप अंगानं भरायलाय. शेवटी एकदा तिला खरं कळलं तेव्हा चिडली. "अप्पा, तुमच्या बोलण्यावर माझा भरवसा न्हाई. मला रोज तुमचं तोंड बघायचंय."

आमच्या गल्लीत मोबाईलच्या रेंजवर तोंड दिसेपर्यंत माणूस म्हातारा होतो. आम्ही तर आधीच झालेलो. म्हणून तिनं हैदराबादेतनंच पैसे भरून घरात तारेचं नेट बसवायला सांगितलं.

तार जोडायला इस्माईल आला. गावात हीच कामं करतो, पोराबाळांचा बाप आहे. 'दीवार को भोक मारना' म्हणत त्यानं यंत्र बाहेर काढलं आणि अप्पा हात पसरून भिंतीपुढं उभे राहिले.

"भोक? माझ्या घराच्या भिंतीला? बरकत बाहेर जायला वाट करायलास व्हय रे?"

"अप्पा, तार अंदर कैसा आना फिर?"

"दारातनं यावी. माणसं दारातनं येतात, तार कोण लागून गेली?"

इस्माईलनं गूळ खाल्ला (तो 'भोक' म्हणला होता ना) आणि तार दाराच्या चौकटीवरून, बिजागरीच्या बाजूनं आत घेतली. आत एक पांढरी डबी बसवली. डबीवर हिरवे दिवे लागले. अप्पांनी डबीला हळदकुंकू वाहिलं.

शोभाचा फोन यायचा तो दिवेलागणीलाच. दिवसभर तिचं ऑफिस, आणि रात्री परदेशातल्या लोकांशी काम. मधली घटकाभर तेवढी बापाची. पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. मोबाईलवर शोभाचं तोंड दिसलं, झकास, पापणीसकट. अप्पा तिच्याशी दोन शब्द बोलले, "थांब, दिवा लावतो," म्हणून उठले, देवापुढं दिवा लावला, दार उघडून आले. बघतात तर शोभा तोंड उघडं ठेवून थिजलेली. मग तीही नाही. डबीवर लाल दिवा.

"गेलं!" मी म्हणलो.

माझ्या तोंडात गूळ आला. "नेट वाढलं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी वाढायचं आणि अप्पांनी निजायला दार लावलं की आपोआप यायचं. तोवर शोभा कामाला बसलेली. मला आता ह्या गोष्टीचं वेडच लागलं. तार तीच, डबी तीच, मग दिवे लागायच्या वेळेलाच ह्याला काय होतं? शेतात मोटार बंद पडली तर मी कारण सापडल्याशिवाय जेवत नाही. इथं तर मला रात्री झोपही लागेना.

अप्पांनी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी अमुक बटन दाबा म्हणल्यावर दाबलं. पलीकडं पुण्याकडची वाटावी अशी बाई.

"बाई, आमचं नेट रोज दिवेलागणीला वाढायलंय."

"अरे वा! वाढतंय? छान आहे काका."

"छान कशाचं? वाढल्यावर लेक दिसत न्हाई."

"काका, वाढल्यावर तर अजून स्पष्ट दिसायला पाहिजे."

"वाढल्यावर कसं दिसंल बाई? वाढलं म्हंजे वाढलं."

"म्हणजे तुम्हाला अजून वाढवून हवंय का?"

"न्हाई न्हाई! वाढूच नये!"

मी फोन ओढून घेतला. "ओ बाई, मेलंय ते! रोज संध्याकाळी मरतंय!"

अप्पांनी गुळाचा अख्खा डबाच माझ्यापुढं आदळला. बाईनं काय लिहून घेतलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या मोबाईलवर संदेश आला की तुमच्या नेटचा वेग वाढवण्यात आला आहे, धन्यवाद. त्या संध्याकाळी नेट पहिल्यापेक्षा जोरात वाढलं.

इस्माईल दोनदा आला, पण भर दुपारी. दुपारी सगळे दिवे हिरवे. "चालू तो है अप्पा," म्हणायचा आणि चहा घेऊन जायचा. जाताना एकदा त्यानं डबीवरच्या त्या लाल दिव्याच्या जागी बोट ठेवून सांगितलं, "इधर लाल आया तो समझो लॉस है."

अप्पा ताडकन उभे राहिले. "काय हाय?"

"लॉस. लिखेला है देखो. लाईन का लॉस."

किराणा दुकानदाराच्या घरात, आणि रोज दिवेलागणीला, लॉस! दुकान चालवत होते तेव्हा वाईट सालीसुद्धा 'यंदा नफा थांबला' एवढंच बोललेला हा माणूस. इस्माईलच्या तोंडात दोन खडे गेले. मग अप्पा न्हाणीजवळच्या आरशापाशी गेले. आरशाच्या कडेला वापरून चिकटवलेल्या टिकल्यांची ओळ होती. त्यातली एक लाल टिकली काढून त्यांनी डबीवरच्या त्या अक्षरांवर दाबून बसवली. टिकल्या कुणाच्या ते मी विचारलं नाही.

मग आम्ही दोघं आपापल्या डोक्यानं चालायला लागलो. अप्पा म्हणाले, नजर लागली. डबीला लिंबूमिरची बांधली. मी म्हणलो, गिरणीची मोटार संध्याकाळी सुरू होते, ती ह्याचा दम खाते. गिरणीवाल्याला जाऊन एक संध्याकाळ मोटार थांबवायला लावली. नेट वाढलंच. मग मला संशय आला की बगळे तारेवर बसतात. सांजच्या वेळी आम्ही दोघं खांबाखाली उभं राहून टाळ्या वाजवत होतो. येणारे जाणारे विचारायचे, "अप्पा, काय करायलाव?" "लेकीला फोन लावायलोय," अप्पा सांगायचे. माणसं जरा लांबून जायची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर शोभाचा साधा फोन आला. आठ दिवस तोंड धड दिसलं नव्हतं आणि अप्पांनी फोनवर "मी एकदम ठणठणीत" म्हणलं होतं. ते ऐकून तर ती जास्तच घाबरली. फोन ठेवून अप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"शोभा म्हणती, रविवारपर्यंत तोंड दिसलं न्हाई तर मी येते अन् घेऊन जाते."

"कुठं?"

"हैदराबादला. म्हणती, आता घर वाढवा अन् चला."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी हजारदा ऐकला असेल आणि हजारदा हसलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की गुळाचा खडा ह्यांच्याच तोंडात घालावा.

मी म्हणलो, "उद्या मी डबीपुढनं हलत न्हाई. काय होतंय ते ह्या डोळ्यांनी बघतो."

शनिवारी दिवस कलायच्या आधीच मी डबीपुढं मांडी घातली. दिवे हिरवे. गिरणी सुरू झाली, हिरवे. बगळे आले; हिरवे. शोभाचा फोन यायची वेळ झाली. अप्पांनी देवापुढं दिवा लावला, हिरवेच. मग ते दाराकडं गेले.

त्यांच्या दाराला दोन फळ्या. दिवसभर एकच उघडी असते, दुसरी कडी घालून लावलेली. दिवा लावल्यावर अप्पा दुसरीही उघडतात. त्यांनी कडी काढली, फळी सताड भिंतीला टेकवली. टिकलीशेजारचा दिवा लाल झाला.

"अप्पा, फळी लावा!"

"कामून?"

"लावा म्हणतोय ना!"

लावली. हिरवा.

"उघडा!"

लाल.

"लावा! उघडा! लावा!"

रस्त्यावर दोन बायका थांबून बघायला लागल्या. मी उठून चौकटीपाशी गेलो. फळी उघडली की ती तार बिजागरीत सापडून विळ्यासारखी वाकत होती. लावली की सरळ. ज्या तारेला भिंतीतनं येऊ दिलं नाही ती दारात मान मुरगाळून घेत होती. कंपनीला जमलं नाही, इस्माईलला जमलं नाही. तिसरी शिकलेल्या माणसाला जमलं. हे मी तिथंच उभं राहून दोनदा बोलून दाखवलं.

"झालं मग," मी म्हणलो. "संध्याकाळी ती फळी उघडायची न्हाई. दुसरी हाय की."

अप्पा तारेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तसं जमायचं न्हाई."

"कामून जमायचं न्हाई? उद्या रविवार हाय! लेक येऊन उचलून नेईल!"

"दोन्ही उघडाव्या लागतात."

"लक्ष्मीसाठी? तुमची लक्ष्मी काय एवढी जाडजूड हाय व्हय, एका फळीतनं यायला?"

एरवी अप्पा ह्यावर खडा घेऊन धावले असते. ते उंबऱ्यावर बसले.

"लक्ष्मीसाठी कोण उघडतंय दिगंबरा? मी दुकान वाढवून यायचो ना, दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. एका फळीतनं यायचं तर अंग आडवं करावं लागायचं. म्हणून दिवा लावला की ती दोन्ही फळ्या उघडून ठेवायची. मी म्हणायचो, कशाला, येतो की आडवा होऊन. ती म्हणायची, आपल्या घरात माणसानं सरळ यावं."

त्यांनी बोटानं उंबऱ्यावरची धूळ पुसली.

"तवा ती घरात असायची अन् मी बाहेर. आता मी घरात हाय."

मी कुठला वाईट शब्द बोललो नव्हतो, तरी उठून कोनाड्यातला डबा काढला आणि आपणहून एक खडा तोंडात टाकला.

रविवारी सकाळी अप्पांनीच इस्माईलला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भीत भीत सांगितलं की मग एकच उपाय आहे, पण तो बोलला तर गूळ खावा लागेल.

"बोल. भोक," अप्पा म्हणाले. "पाड."

मी बघतच राहिलो. इस्माईलही. "अप्पा, बरकत?"

"बरकतीला जायचं असंल तर जाऊ दे. येणाऱ्याचं दार अडायला नको."

यंत्र घुर्रर्र करून भिंतीत शिरलं तेव्हा अप्पांनी डोळे मिटले. तार आत आल्यावर मात्र त्यांनी त्या भोकाच्या कडेला बोटानं गूळ माखला, वाट गोड व्हावी म्हणून. दुपारपर्यंत तिथं मुंग्यांची रांग. अजून आहे. शोभा फोनवर विचारते, मागं भिंतीवर काळं काय हलायलंय? अप्पा म्हणतात, "बरकत यायलीय."

त्या दिवशी शोभा हैदराबादेहून निघण्याच्या तयारीत होती. बस रात्रीची होती. संध्याकाळी अप्पांनी दोन्ही फळ्या उघडल्या आणि तिला फोन लावला. तोंड दिसलं. तिनं बापाला इकडं वळा, तिकडं वळा करून चारी बाजूंनी बघितलं, गुडघा दाखवायला लावला. मग तिची नजर पलीकडच्या उघड्या दाराकडं गेली असावी. ती तिकडंच बघत राहिली, पापणी हलेना. मला वाटलं, नेट वाढलं. पण डबीवर हिरवे दिवे होते.

"बॅग परत आत ठेवते अप्पा," ती म्हणाली. "दार असूंद्या तसंच."

मी अजून रोज सांजेला तिकडं जातो. नेट बघायला म्हणून जातो, असं घरी सांगतो. दार सताड उघडं असतं, गाडा आत जाईल एवढं. पण मी शिरताना अंग आडवं करून एका कडेनंच जातो. बाकीची वाट मोकळी ठेवतो.