विहित नमुन्यात पासवर्ड

माझा प्रबंध एकवीस दिवसांत संपणार होता. हे मी हवेत बोलत नाही. सात दिवस तयारी, सात दिवस प्रयोग, सात दिवस लेखन असा तक्ता करून मी खोलीच्या भिंतीवर चिकटवला होता आणि त्यात आजारी पडायलाही अर्धा दिवस राखून ठेवला होता. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाचा तक्ता असा असतो.

सध्या मी नांदेडला सायबर सुरक्षा या विषयात एम.एस्सी. करते. शेवटचं सत्र. लातूरच्या एका कॉलेजाने जूनपासून मला शिकवायला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, प्रबंध तीस एप्रिलच्या आत जमा झाला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला. आमच्या बाबांनी तर गल्लीत मी रुजू झाल्याचंही सांगून टाकलं होतं.

प्रबंधाचा विषय सरळ होता. एखाद्या संस्थेतल्या लोकांना खोटा मेल पाठवायचा: या लिंकवर जा आणि पासवर्ड भरा. किती जण फसतात ते मोजायचं. मग त्यांना तासभर शिकवायचं. मग पुन्हा तसाच मेल पाठवून पुन्हा मोजायचं. पहिला आकडा मोठा येणार, दुसरा लहान. मधला फरक म्हणजे माझी पदवी.

आईला फोनवर हे समजावून सांगितलं.

"म्हणजे तू लोकांना फसवायलीस?"

"अभ्यासासाठी, आई."

"आन् त्याची डिग्री भेटती?"

"हो."

"मग आपल्या शेजारचा उमाशंकर उगंच फुकट करायला की."

प्रयोगासाठी संस्था मिळाली. बाबांच्या ओळखीचे आप्पासाहेब एका शिक्षणसंस्थेचे सचिव आहेत. मुख्य कार्यालय आणि एक शाळा नांदेडला, एक शाळा हदगावला, एक देगलूरला. ईमेल असलेले कर्मचारी अठ्ठेचाळीस. आप्पासाहेबांनी लेखी परवानगी दिली आणि हे त्यांच्या-माझ्याशिवाय कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं. त्यांचं स्वतःचं नावही आम्ही यादीत ठेवलं, कोणाला संशय नको म्हणून.

"आमची माणसं लई साधी हाईत," ते म्हणाले. "पहिल्या तासात सगळे फसतील. तू मोजायला मोठी वही आण."

मला मुख्य कार्यालयाच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. संगणक तपासायला आलेल्या बुद्धप्रिया बाई, अशी माझी ओळख करून देण्यात आली.

मेल मी फार मनापासून लिहिला. 'माहिती सुरक्षा कक्ष' या अस्तित्वात नसलेल्या कक्षाकडून. 'आपले ईमेल खाते लवकरच बंद होणार असून ते चालू ठेवण्यासाठी सोबतच्या लिंकवर आपला पासवर्ड भरावा.' सावध माणसाला शंका यावी म्हणून मुद्दाम तीन उणिवा ठेवल्या: जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, पाठवणाऱ्याची सही नाही. लिंकमागचं पान फक्त आकडा मोजणार होतं. कोणाचा पासवर्ड साठवणार नव्हतं. आमच्या विषयात नीतिमत्तेचा एक पूर्ण पेपर असतो आणि त्यात मला ब्याऐंशी गुण आहेत.

सोमवारी अकरा वाजता मेल गेला. संध्याकाळपर्यंत फसलेले: शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी दुपारी मीच लिंक दाबून पाहिली. लगेच एक झाला. म्हणजे यंत्रणा ठीक होती, माणसं बिघडली होती.

माझ्या मार्गदर्शक शिल्पा मॅडम यांना आकडा सांगितला.

"शून्य म्हणजे?"

"कोणीच फसलं नाही, मॅडम."

"मग शिकवून तू काय कमी करणार? शून्यातून किती वजा करून दाखवशील?"

मी वहीत शून्याखाली वजाबाकीची रेघ ओढून पाहिली.

"आठ दिवसांत फसलेली माणसं आण," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर पुढच्या सत्रात भेटू."

माणसं शहाणी निघाली म्हणून इतकं दुःख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. गुरुवारी न राहवून मी मुख्य लिपिक शेषेरावांच्या टेबलाशी गेले. शेषेराव तीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. संस्थेचा कुठलाही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कागद होत नाही, असं तिथे सगळे म्हणतात.

"शेषेराव, सोमवारी पासवर्डचा एखादा मेल आला होता का?"

"आला की. कारवाई चालू हाय."

त्यांनी नाडी बांधलेली एक फाईल काढली. सगळ्यात वर माझा मेल होता. छापलेला. डोक्यावर आवक क्रमांक, दिनांक, संस्थेचा शिक्का. जिथे जिथे मी काही लिहायचं सोडलं होतं, तिथे तिथे तांबड्या पेनाने शेरा होता.

"जावक क्रमांक न्हाई, दिनांक न्हाई, सही न्हाई," शेषेराव म्हणाले. "असं पत्र असतंय का, ताई? पण नवीन कक्ष दिसायलाय. शिकतील हळूहळू. मी आपलं दुरुस्त करून घेतलं."

फसवणूक ओळखू यावी म्हणून ठेवलेल्या तिन्ही उणिवा या माणसाने स्वखर्चाने भरून काढल्या होत्या.

"आणि लिंक? लिंक नाही उघडली कोणी?"

विजेच्या प्लगमध्ये बोट घाला म्हटल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. "लिंक? दिवाळीच्या आधी बँकेचे साहेब येऊन सांगून गेले ना. लिंक उघडायची न्हाई म्हणजे न्हाई. मी सगळ्यांकडून तसं लिहून घेतलंय."

"मग कारवाई म्हणजे?"

"कागदावर."

त्यांनी मला एक छापील नमुना दाखवला. नाव, हुद्दा, मोबाईल, ईमेल, पासवर्ड, स्वाक्षरी. प्रत्येक कर्मचाऱ्याने दोन प्रतींत भरायचा. वर सूचना: 'कोणीही लिंक न उघडता आपला पासवर्ड विहित नमुन्यात शुक्रवारपर्यंत सादर करावा.'

"एक प्रत त्या कक्षाला, एक कार्यालयाला," ते म्हणाले.

"कार्यालयाची प्रत कुठे ठेवता?"

"ठेवायची कशाला? कोणाचं राहिलंय ते सगळ्यांना दिसाया पाहिजे." त्यांनी माझ्या मागे बोट दाखवलं.

मी वळून पाहिलं. नोटीस बोर्डावर तीस जणांचे पासवर्ड टाचण्यांनी लावलेले होते. मी त्या बोर्डाकडे पाठ करून शून्य मोजत बसले होते!

शुक्रवारी हदगावचे सहा नमुने आले. तिथल्या शाळेने काम सोपं व्हावं म्हणून सगळ्यांचे पासवर्ड आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवून घेतले होते. त्या ग्रुपमध्ये दोन पालकही होते.

देगलूरच्या मुख्याध्यापिका कमलम्मा मात्र स्वतः एसटीने आल्या. हातात लाखेचं सील लावलेला लिफाफा.

"पोस्टाने नाही पाठवला?" मी विचारलं.

"अय्यो, गोपनीय आहे ना, अम्मा. पोस्टात कोणी वाचलं तर?" त्यांनी सील तोडलं आणि अकरा नमुने शेषेरावांच्या टेबलावर पसरून ठेवले. "मोजून घ्या. एकाने लई त्रास दिला. धोंडप्पा, गणिताचा. पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो म्हणतो."

मला त्या अनोळखी धोंडप्पांविषयी एकदम माया वाटली. "मग?"

"मग काय. कारणे दाखवा नोटीस दिली."

"आणि दिला त्यांनी?"

"दिला. पण अक्षर मुद्दाम वाईट काढलं. मी बाजूला सुवाच्य लिहिलंय, बघा."

आता हे थांबवायलाच हवं होतं. पण अठ्ठेचाळिसातले सत्तेचाळीस आले होते, आणि फसलेल्या माणसांची मला किती गरज होती हे तुम्हाला माहीत आहे. मी ठरवलं, संध्याकाळी आप्पासाहेबांना भेटून शांतपणे सांगावं. तेवढ्यात उन्हातून शेषेराव आले. फाईल काखेत, शर्ट घामाने चिकटलेला.

"तीन कचेऱ्या हिंडून आलो," ते म्हणाले. "तो माहिती सुरक्षा कक्ष कोणालाच ठाऊक न्हाई."

"मग काय वाटतं तुम्हाला?" मी आशेने विचारलं.

"लई मोठा गोपनीय कक्ष असणार." ते खाली बसले. "आता पेपरात निवेदन देतो. मसुदा तयार हाय." त्यांनी वाचून दाखवला. "'तरी आमच्या संस्थेच्या सर्व कर्मचाऱ्यांचे पासवर्ड तयार असून संबंधित कक्षाने कार्यालयीन वेळेत येऊन घेऊन जावेत.' आप्पासाहेबांची सही झाली की पाठवतो."

मी धावत आप्पासाहेबांच्या खोलीत गेले. शाळेत असताना शंभर मीटरमध्ये मी शेवटून दुसरी यायचे, पण त्या दिवशी शेषेरावांच्या आधी पोचले. आप्पासाहेब काहीतरी लिहीत होते. विहित नमुना. शेवटून दुसरा रकाना.

"साहेब, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. परवानगी तुम्हीच दिलीत."

"माहीत हाय की," ते पेन न थांबवता म्हणाले. "पण शेषेराव म्हणला, सगळ्यांचं आलं, फक्त तुमचंच राहिलंय. चांगलं दिसतंय का ते?"

अठ्ठेचाळिसातले अठ्ठेचाळीस. मी आकडा वहीत लिहिला आणि मागून आलेल्या शेषेरावांच्या हातातला निवेदनाचा मसुदा फाडला. या क्रमाने.

शनिवारी तिन्ही ठिकाणच्या सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मी उभी राहिले आणि स्वच्छ सांगितलं: कक्ष नाही, पत्र खोटं होतं, ते मी लिहिलं होतं, आप्पासाहेबांच्या परवानगीने.



"म्हणजे कक्षच नाही?" कमलम्मा म्हणाल्या.

"नाही."

"मग सील कोणासाठी लावलं मी?"

मागच्या रांगेतून एक बारीक गृहस्थ उठले. हेच धोंडप्पा. "मॅडम, मग माझी नोटीस तेवढी रद्द करा."

"ती वेगळी बाब आहे, सर," कमलम्मा म्हणाल्या. "ती आता अक्षराची आहे. खाली बसा."

मी तासभर शिकवलं. पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. साहेबाला नाही, लिपिकाला नाही, लिंकवर नाही, कागदावर नाही. सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. जुन्या नमुन्यांचे त्यांच्यासमोर बारीक तुकडे केले. बोर्ड रिकामा केला. आणि प्रत्येकाला तिथल्या तिथे पासवर्ड बदलायला लावला. शेषेराव पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेत होते. इतका चांगला विद्यार्थी मला पुढे लातूरलाही मिळेल असं वाटत नाही. निघताना टाळ्या पडल्या. आता सोमवारी दुसरा मेल, दुसरा आकडा, की झालं.

सोमवारी मी टेबलाशी येऊन संगणक सुरू करते तोच शेषेराव समोर. हातात नवी फाईल.

"शनिवारी तुम्ही सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले," ते म्हणाले. "म्हणजे आधीची माहिती रद्द झाली. ही सुधारित. रविवारी बसून गोळा केली."

मी फाईल उघडली नाही. उघडायची गरज नव्हती, जाडी ओळखीची होती.

"शेषेराव, मी काय सांगितलं होतं? कोणालाही सांगायचं नाही."

"हाव. म्हणूनच बोर्डावर लावलं न्हाई. फक्त तुम्हाला दिलं."

"पण मीसुद्धा कोणीही झाले ना?"

"असं कसं," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "तुम्ही तर शिकवणाऱ्या."

"धोंडप्पांनी पण दिला?"

"त्यांनी तर सगळ्यात आधी. त्यांची नोटीस चालू हाय ना."

मी हताशपणे हात पुढे केला. शेषेरावांनी फाईल मात्र दिली नाही. त्यांनी तिच्यातून एक कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडून उभे राहिले. "पोच द्या. पोच घेतल्याबिगर मला फाईल सोडता येत न्हाई. इथं, इथं आन् इथं."

त्यांचं बोट खाली सरकत होतं, शाळेची घंटा वाजत होती, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की दुसरा आकडाही अठ्ठेचाळीस आला तर मॅडम काय म्हणतील. मी भराभर लिहिलं, सही केली. त्यांनी शिक्का मारला, कागद फाईलमध्ये लावला आणि नाडी बांधून फाईल माझ्या हातात दिली.

मॅडमच्या खोलीत आम्ही फाईल उघडली. पासवर्ड दिसू नयेत म्हणून मी प्रत्येक नमुन्याच्या खालच्या भागावर कोरा कागद धरत होते आणि मॅडम नावं मोजत होत्या. चेहरा हळूहळू उजळत होता.

"शिकवण्याआधी अठ्ठेचाळीस, शिकवल्यानंतर अठ्ठेचाळीस, आणि लिंक उघडणारा एकही नाही," त्या म्हणाल्या. "असा निष्कर्ष मी आजवर कुठे वाचला नाही. शीर्षक थोडं बदल. तीसच्या आत सहज होईल."

जूनमधलं लातूर मला समोर दिसायला लागलं. बाबा खोटे पडणार नव्हते.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हे एकोणपन्नास आहेत."

शेवटचा कागद वर आला. अक्षर घाईचं होतं, पण सुवाच्य. एकही रकाना रिकामा नव्हता. सहीखाली दिनांक होता, आणि दिनांकापुढे, नमुन्यात मागितलेली नसताना, वेळही होती: दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

शेषेरावांकडे पोचपावतीचा वेगळा नमुना नव्हता; पोचही त्यांनी विहित नमुन्यातच घेतली होती.

"हे कोणाचं?" मॅडमनी नाव वाचलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बुद्धप्रिया?"

"तुलनेसाठीचा कंट्रोल ग्रुप आहे, मॅडम," मी म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यातच उभं राहून पासवर्ड बदलला. तेवढ्या वेळात शेषेरावांचा दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. त्यांना आता सुधारित माहिती लागणार होती.