'न्याहारी'चा तिसरा लोगो

चित्र नेमकं असलं की शब्द लागत नाहीत, असं मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं. त्यामुळे खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर मुलांनी स्वतः रेकॉर्ड केलेला 'न्याहारी' हा सकाळचा कार्यक्रम शाळेच्या टीव्हीवर सुरू केला, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "लोगो मी सांगतो. हॉल भरलाच समजा!"

भरायलाच हवा होता. महिनाभरात पालक आले नाहीत तर टीव्ही दुसऱ्या शाळेला देऊ, असं केंद्रप्रमुख बजावून गेले होते.

रस्त्याकडच्या भिंतीवर आम्ही वाफाळता कप काढला. सोमवारी तीस माणसं आली, प्रत्येकाच्या हातात पेला.

"च्या कुठंय?" म्हाताऱ्या लक्ष्याबाबांनी विचारलं.

"चहा नाही, कार्यक्रम आहे."

"मग कप कशाला काढला?"

बातम्या सुरू होण्याआधी हॉल रिकामा.

कप पुसून सूर्य काढला. पुढच्या सोमवारी साठ माणसं आली, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. आमच्याकडे भिंतीवर सूर्य दिसला की सौर दिव्यांची योजना आली, हे मला कळायला हवं होतं.

"झेरॉक्ससाठी जीपनं मोखाड्याला गेले होते मी," सकूबाई जाता जाता म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

सहावीतली पुष्पा मात्र विचारात पडली. "गुरुजी, ज्याचं वाटप होत नाय असं काय असतं?"

तिच्याच वर्गातल्या मुकेशनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "गुरुजी."

त्यानं गेरूवर पांढऱ्या रंगात माझा चेहरा काढला. छान जमला होता. मी निर्धास्तपणे दोन दिवस डोळे तपासायला जव्हारला गेलो.

सोमवारी परतायला उशीर झाला. मागच्या दारानं शिरून पडद्याआडूनच टीव्ही लावला आणि फटीतून पाहिलं. हॉल गच्च, ओटीवरही माणसं! पुढे केंद्रप्रमुख. नागलीच्या पेजेची कृती झाली, हवामान झालं, कोडंही झालं; कुणी उठलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. माझा ऊर भरून आला. आभार मानायला मी पुढे आलो.

सकूबाईनं तोंडावर हात ठेवला. लक्ष्याबाबा सावकाश उभे राहिले.

"गुरुजी, तुम्ही हायसा? मग गेलं कोण?"

बाहेर जाऊन भिंत पाहिली. माझ्या चेहऱ्याभोवती झेंडूच्या फुलांची माळ रंगवलेली होती.

"मोकळं मोकळं दिसत होतं," पुष्पा म्हणाली.

केंद्रप्रमुख खूश. "इतके शांत प्रेक्षक मी पाहिले नाहीत. टीव्ही इथंच राहील. लोगो मात्र बदलू नका."

सकूबाईच्या हातात खरा हार होता. "आणलाच हाय, तर घाला," ती म्हणाली.

घातला. आता मी लोगोशी हुबेहूब जुळतो, असं मुलांचं म्हणणं आहे.