मागं हाय मी, डावीकडं

शेजारची रेणुका दांडगे पहिल्यांदा माझ्या मागून जिना चढली, तेव्हा माझ्या हातातली दह्याची पिशवी खाली पडून फुटली. सकाळची वेळ होती. मी आपल्या तंद्रीत पायऱ्या चढत होतो, आणि अचानक कानामागून खणखणीत आवाज आला, "मागं हाय मी, डावीकडं. डावीकडून येते, काका." मी दचकलो आणि नेमका डावीकडेच वळलो. ती उजवीकडून सटकून दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचलीसुद्धा. वरून म्हणाली, "डावीकडं म्हणलं होतं की. मग तुमी डावीकडं कशाला आले?" दही माझं सांडलं आणि बोलणीही मीच खाल्ली.

ही मुलगी मुकाट्यानं कुठे जातच नाही. किराणा दुकानात शिरताना "दारात हाय मी", रिक्षा मागे येत असेल तर "भाऊ, तुमच्या उजवीकडं हाय, दाबू नका", लग्नाच्या पंगतीत वाढायला उभी राहिली तर "वरण येतंय, मागं भात हाय, सरका". देवळात दर्शनाच्या रांगेत तिनं पुजाऱ्यालाही सोडलं नाही. त्यांची पाठ होती, तर म्हणाली, "मागं हाय मी, नारळ घेऊन." पुजाऱ्यांच्या हातातली आरती वाकडी झाली. वरच्या मजल्यावरच्या शेख भाभी तर पहिल्या दिवशी छातीवर हात ठेवून पायरीवरच बसल्या. "अरे बेटी, डराको मार डालेगी क्या?" रेणूनं त्यांना पाणी आणून दिलं, तेही "समोरून येते" असं सांगून.

मी घरात कुरकुर केली की आमच्या सुनंदाबाई तिचीच बाजू घेत. "निदान येते ते सांगून तरी येते. तुम्ही घरात असलात तरी आहात की नाही ते कळत नाही."

तर ही रेणू व्यवसायानं बास्केटबॉल खेळाडू. आमच्या मुकुंदवाडीत हे वाक्य पहिल्या झटक्यात कुणाला पटत नाही. आमच्याकडे खेळ म्हणजे दहावीला वाढीव गुण मिळवण्याची सोय. गुण मिळाले की पोरानं चेंडू माळ्यावर टाकायचा आणि क्लास लावायचा, अशी रीत. रेणूनं चेंडू माळ्यावर टाकला नाही, उलट तो घेऊन देशाबाहेर गेली. मालदीवला खेळली, थायलंडला खेळली, मग जॉर्जिया नावाच्या देशात खेळली. कुठे चार महिने, कुठे सहा. हंगाम संपला की बॅग उचलायची आणि पुढच्या फोनची वाट बघायची.

ती खेळते गार्डच्या जागेवर. मला तिनं समजावून सांगितलं ते असं, की बाकीच्या उंच असतात आणि गार्डला तोंड असतं. चेंडू पुढे न्यायचा, कुणी कुठे उभं राहायचं ते सांगायचं, आणि समोरची टोळी चाल करून आली की आपल्या माणसांना सारखं ओरडून कळवत राहायचं, मी इथं आहे, तुझ्या मागे आहे, तू बिनधास्त पुढे जा. जी खेळाडू कोर्टावर गप्प राहते, तिला बाकावर बसवतात. पंधरा-वीस वर्षं हेच केल्यावर जिन्यात तोंड बंद कसं राहणार?

नव्या देशात गेली की ती आधी तीनच गोष्टी शिकून घ्यायची: डावीकडं, उजवीकडं, आणि मी इथं हाय. "पाणी, जेवण हे नंतर. ते हातानं बी सांगता येतं," ती म्हणे. जॉर्जियात "अक वार" म्हणजे मी इथं आहे. तिथे भट्टीच्या भिंतीला चिकटवून लांबट नान भाजतात, हे ऐकल्यावर शेख भाभींचा चेहरा खुलला. आमच्या शहरात मटणाच्या खलियाबरोबर खातात तो नान असाच भट्टीला चिकटतो. भाभी म्हणाल्या, "हौ, मग तो मुलूख अपनाच समझो."

माणसांची पारखही तिची खेळातलीच. मला एकदा चहा पिता पिता म्हणाली, "काका, तुमी चेंडू आपल्याकडं येईल म्हणून उभे राहता. चेंडूकडं काय जात नाय." मी चितेगावच्या कारखान्यात हिशेब खात्यात अनेक वर्षं नेमकं हेच करत आलो आहे. मला राग आला.

ती परत आली ती तिच्या वडिलांमुळे. आण्णा दांडगे एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी अजिंठ्याच्या घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना कमी दिसायला लागलं, तर मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं म्हणून ते बसून राहिले. तो निघाला काचबिंदू. डॉक्टरांकडे गेले तोवर दोन्ही डोळे गेले होते. आई आधीच वारलेली. रेणू जॉर्जियातला हंगाम अर्धा सोडून घरी आली.

आण्णा आतल्या खोलीत खाटेवर बसून असत. बाहेर येत नसत. काठी आणली, ती त्यांनी खाटेखाली सरकवली. कुणी हात धरायला गेलं की हात झटकत. "एवढी माणसं घाटातून सुखरूप नेली म्या. आता मला धरून जिना उतरवता व्हय?" रेणू घरातही सवयीनं बोलत राहायची, "आण्णा, दारात हाय मी, चहा आणलाय." त्यावर आतून आवाज यायचा, "दिसत नाय म्हणून बहिरा नाय झालो. मुकी बस जरा." आमच्या भिंतीतून हे सगळं ऐकू येई आणि मला दोघांचीही कीव येई.

अशात तिला मंगोलियाहून फोन आला. एका हंगामाचा करार. तेहतीस वर्षांच्या गार्डला असे फोन रोज येत नाहीत, आणि तिचा गुडघा तर आधीच कुरकुरत होता. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ती आमच्याकडे येऊन बसली. त्या दिवशी मात्र दारातून काहीच न बोलता आत आली, तेव्हाच सुनंदानं गॅस बारीक केला.

"मी गेले तर आण्णा त्या खोलीतच संपतील," ती म्हणाली. "नाय गेले तर माझा खेळ संपला. काय करू, काकू?"

सुनंदा म्हणाली, "तिकडे एवढं काय आहे गं? थंडी आणि परकी माणसं."

"लई एकटं वाटतं तिकडं, खोटं कशाला बोलू. खोलीवर आलं की भिंतीच. पण कोर्टावर 'मी हाय' म्हणलं की कुणीतरी मान वळवतंच, काकू. जिची भाषा येत नाय ती पोरगी बी वळवती. घरी आले तर आण्णा म्हणतात मुकी बस." एवढं बोलून तिनं बशीतला चहा तसाच ठेवला. जगभर बडबडत फिरलेली ही पोर, आणि मी हाय एवढं ऐकून घेणारं घरचं एकच माणूस, तेही ऐकायला तयार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घातलं.

मग पाण्याचा दिवस आला. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि तो दिवस सणासारखा पाळला जातो. त्या आठवड्यात पाणी आलंच नाही. टँकर मागवला, तर आमच्या इमारतीची मोटर जळलेली, आणि टँकरचा पाइप फाटकापर्यंतच पुरायचा. तिन्ही मजल्यांवर पाणी बादल्यांनीच न्यायचं होतं. जो तो आपली बादली घेऊन धावत सुटला. वर जाणारे खाली येणाऱ्यांवर आदळत होते, निम्मं पाणी जिन्यालाच मिळत होतं, आणि टँकरवाला खाली घाई करत होता.

रेणू जिन्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. "थांबा. माणसानं पळायचं नाय. बादलीनं पळायचं." तिनं पटापट एकेकाला वळणावर उभं केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमी फक्त उभे राहा. तुमाला जमतं ते." साखळी लागली, पण पहिल्या मजल्यावर, बरोबर तिच्या दारासमोर, एक माणूस कमी पडत होता. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि घरात गेली.

दार उघडंच होतं. आम्ही सगळे बादल्या धरून ऐकत होतो.

"मला दिसत नाय, पोरी. तमाशा करायचाय का माझा?"

"पाठीमागचं कुणालाच दिसत नाय, आण्णा. मला बी नाय दिसत. म्हणून तर सगळे बोलतात. तुमी नुसते उभे राहा. बादली येती ते आमी सांगू."

आत खाट करकरली. मग आण्णांचा आवाज आला, "माझा सदरा दे आधी."

आण्णा बाहेर आले ते गळ्यापर्यंत गुंड्या लावून. रेणूनं त्यांचा हात धरला नाही. "सरळ या. कठडा डाव्या हाताला. बास, हितं." भिंतीला पाठ टेकून ते उभे राहिले. त्यांच्या खालच्या पायरीवर होत्या शेख भाभी, वरच्या बाजूला मी. पहिली बादली भाभींनी सवयीनं मुकाट्यानंच पुढे केली. ती आण्णांच्या गुडघ्याला लागली आणि पाणी पायांवर सांडलं. मला वाटलं, संपलं, आता आत जातील.

"भाभी, न बोलता नका देऊ," रेणू खालून ओरडली.

"माफी दांडगे भाई. ये लो, उजवे हात को. भरेली है."

आण्णांनी हात पुढे केला. कडी बरोबर मुठीत आली. त्यांनी बादली उचलून वर धरली आणि मी ती घेतली. दुसरी आली, तिसरी आली. चौथीला रिकामी बादली मी त्यांच्याकडे परत देताना बोलायचं विसरलो.

"कोण हाय रे तिथं? तोंड हाय का नाय?"

"आण्णा, मी. वाकळे. रिकामी आहे, डावीकडून."

"मग आसं सांगा की. शेजारी राहता आणि मुके राहता व्हय."

हळूहळू सगळा जिना बोलायला लागला. अर्ध्या तासानं तर आण्णांनीच कारभार हातात घेतला. वरचा आवाज तुंबला की म्हणत, "थांबा, वर जाम झालंय. खालच्या गाड्या सोडू नका." जरा मोकळं झालं की, "हां, आता येऊ द्या. एक एक." घाटात समोरासमोर आलेल्या गाड्या त्यांनी जन्मभर अशाच काढल्या होत्या. शेवटची बादली वर गेली तेव्हा त्यांचा सदरा चिंब भिजला होता आणि ते शेख भाभींना विचारत होते, "पुढचा टँकर कधी?"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच कठडा धरून फाटकापर्यंत गेले. सुनंदा गॅलरीतून म्हणाली, "आण्णा, भाजीची गाडी आडवी आहे, जरा उजवीकडून." ते हात वर करून उजवीकडून गेले. रेणू दारात उभी राहून बघत होती, आणि तिनं तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली होती. त्याच दुपारी तिनं मंगोलियाला हो कळवलं.

जायच्या आधी तिनं तिथले तीन शब्द पाठ केले. आण्णा खाटेवर बसून तिची उजळणी घेत. तिकडे "एन्द" म्हणजे इथं. आण्णा आम्हालाही शिकवू लागले, आणि भाजीवाल्याला "एन्द ये" म्हणून हाक मारू लागले. तो यायचाही. निघायच्या दिवशी आण्णा रिक्षापर्यंत गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पळत जा. माझं हितं लई माणूस हाय."

तिचा पहिला सामना एका रविवारी दुपारी आमच्या टीव्हीवर बघायचं ठरलं. मोबाइलवरून टीव्हीला जोडायची करामत मीच केली, म्हणून जरा मिरवत होतो. अर्धी इमारत आमच्या हॉलमध्ये. आण्णा मधल्या खुर्चीत, सदऱ्याला इस्त्री. सामना सुरू झाला, आपली रेणू दिसली, टाळ्या पडल्या, आणि पाचव्या मिनिटाला चित्र गोठलं. रेणू हात पसरून उभी, आणि तिच्या पोटावर एक चक्र गरगर फिरतंय. मी मोबाइल हलवला, खिडकीत नेला. चक्र तसंच. लोक चहा पिऊन एकेक करत उठले. शेख भाभी तेवढ्या राहिल्या, आणि सुनंदा. मला इतकी लाज वाटली की मी सगळं बंद करायला रिमोट उचलला.

"बंद कशाला करता?" आण्णा म्हणाले.

"चित्रच येत नाही, आण्णा."

"चित्र तुमी बघत बसा. आवाज येतोय की."

खरंच येत होता. मला तोवर ते लक्षातच आलं नव्हतं. बुटांचे आवाज, शिट्टी, चेंडू आपटतोय, परक्या भाषेतली ओरड, गलका. त्यातलं मला काही कळेना. आण्णा मान तिरकी करून ऐकत होते, घाटात पलीकडून येणाऱ्या गाडीचा कानोसा घ्यावा तसे. मग त्या गलक्यातून एक खणखणीत आवाज वर आला, "एन्द! एन्द!"

आण्णा खुर्चीत पुढे सरकले. टीव्हीकडे तोंड करून, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्याच साध्या आवाजात म्हणाले,

"हाय, बाई. ऐकतोय मी. बोल तू."