सिस्टरबाईंचे देवदूत

सिस्टरबाई पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नाहीत. गाव, आडनाव, काय करता, काही नाही. चष्मा नाकावर सरकवून समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत बघतात आणि विचारतात, "जन्माच्या वक्ताले वजन किती होतं तुमचं?" एकदा माझ्या दुकानात एक मोठे अधिकारी झेरॉक्स काढायला आले होते. त्यांनाही हाच प्रश्न. साहेब गांगरले. म्हणाले, "आईला विचारून सांगतो." सिस्टरबाई म्हणाल्या, "इचारा. तीन किलोच्या खाली नसान, अंगावरून दिसूनच राहिलं." जाताना साहेब उगाचच ताठ चालत होते.

त्यांचं खरं नाव शेवंता लांजेवार. मूळच्या आसगावच्या. पस्तीस वर्षं पवनीकडच्या खेड्यांत सरकारी नर्स म्हणून बाळंतपणं केली आणि निवृत्त झाल्यावर तुमसरला आमच्या गल्लीत राहायला आल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणतात, "सवडच कुठी भेटली जी. आपला मुहूर्त पाहावं म्हटलं, का कोणाले तरी कळा सुरू होत."

माझं स्टँडजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. माझं आजोळ त्यांच्याच हद्दीतलं, त्यामुळे मलाही त्यांनीच या जगात ओढून काढलं. 'ओढून' हा शब्द त्यांचाच. मी पायाळू आहे. दुकानात एखादं पान उलटं छापलं गेलं की भर गिऱ्हाइकांत त्या म्हणतात, "तुह्यी कामं अशीच राहतेत. तू आलाच पायाकडून." दोन लेकरांच्या बापाला हे मुकाट ऐकून घ्यावं लागतं.

पण मी त्यांच्याबद्दल सांगतोय ते या वजनापायी नाही. सिस्टरबाई लेखिका आहेत. 'आपल्यातलेच' नावाची त्यांची अकरा भागांची कादंबरीमाला आहे आणि ती आहे भंडारा जिल्ह्यात माणसांत मिसळून राहणाऱ्या देवदूतांची. एका भागाला एक देवदूत. त्या वहीत लिहितात, मी टाईप करतो, स्पायरल लावतो आणि दुकानातल्या कपाटात ठेवतो. लोक वाचायला नेतात आणि परत आणून देतात. आमच्या तुमसरात नेलेलं पुस्तक परत येतं, याहून मोठा पुरस्कार मला तरी माहीत नाही.

त्यांचे देवदूत आकाशवाणी वगैरे करत नाहीत. रेखा नावाची देवदूत बाजारात साड्यांना फॉल-पिको करून देते. गोवर्धन राइस मिलमध्ये आहे; कोंडा पंखांत अडकतो म्हणून त्याला दर रविवारी वैनगंगेवर जाऊन पंख धुवावे लागतात, आणि ते वाळेपर्यंत तो अंगावर चादर घेऊन दगडावर बसतो. मुरली मालवाहू टेम्पो चालवतो. प्रत्येकाला पंख आहेत, पण सगळे एसटीनं जातात. मी एकदा विचारलं, "उडता येतं तर एसटी कशाला?" सिस्टरबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "उडून गेलं तं बाजूच्या सीटवरच्याचं दुखणं कसं समजन?"

या मालेतला खलनायकही मोठा नामी आहे. तो एक राक्षस असून कुठल्याशा कार्यालयात टेबलामागे बसतो आणि आलेल्या प्रत्येकाला 'उद्या या' म्हणतो. एवढीच त्याची शक्ती. पण तेवढ्यावर तो अकरा भाग टिकला आहे, आणि वाचकांना तो अजिबात काल्पनिक वाटत नाही.

देवदूतांचं त्या असं बोलतात की नवा माणूस फसतो. "आमच्या मुरलीनं काल गोंदियाचं भाडं मारलं, पण वाटेत एका म्हाताऱ्याले दवाखान्यात सोडून आला." ऐकणारा विचारतो, भाचा का तुमचा? त्यावर त्या नुसत्या हसतात. शेजारच्या बाया आपल्या इंजिनियर पोरांचं जेवढं सांगत नाहीत, तेवढं या आपल्या टेम्पोवाल्या देवदूताचं सांगतात. मुरलीला आता एकोणतिसावं लागलं. हो, यांच्या देवदूतांना वय असतं. दरवर्षी वाढतं. आणि कादंबरीच्या पहिल्याच पानावर प्रत्येकाचं जन्माचं वजन दिलेलं असतं. मुरली, दीड किलो. रेखा, एक किलो आठशे. मला वाटायचं, पस्तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

आणखी एक नियम होता, आणि तो मात्र लोखंडी होता. "माह्या पुस्तकात कोणी मरत नाही." अकरा भागांत पूर आला, नाग निघाला, गिरणीची भिंत पडली, पण माणूस सोडा, म्हैससुद्धा गेली नाही. राक्षसाचीदेखील शेवटी फक्त बदली होते.

या नियमावरच सगळं रामायण घडलं.

झालं असं, की मी हे भाग एका नागपूरच्या प्रकाशकाकडे पाठवले. सिस्टरबाईंना न विचारता. मला वाटत होतं, या बाईचं पुस्तक खरंखुरं पुस्तक म्हणून निघालं पाहिजे, पुट्ठ्याचं, पाठीवर नाव असलेलं, नागपूरच्या दुकानांत मांडलेलं. महिन्याभरात प्रकाशकाचा फोन आला. त्यांना ते आवडलं होतं. सुरुवात मुरलीच्या भागापासून करू म्हणाले. फक्त दोन गोष्टी. ते वजनबिजन काढा. आणि शेवटी मुरली मेला पाहिजे. "वाचक रडला पाहिजे हो. देवदूत माणसांसाठी जीव देतो, पुस्तक कुठल्या कुठे जाईल."

मी सिस्टरबाईंना सांगितलं. पुस्तक निघणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो फुलला, तसा मी कधी पाहिला नव्हता. वजन काढण्यावर थोडी कुरकुर केली. मग मी मरण्याचं काढलं.

"नाही."

"सिस्टरबाई, एकच देवदूत. गोष्टीतलाच तर आहे."

"तुले समजलं नाही का रे? नाही म्हटलं मी."

शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. पण मी पायाळू. मी विचार केला, बाई हट्टी आहे, आयुष्यात एकदा लक्ष्मी-सरस्वती दोघी मिळून दाराशी आल्यात आणि ही कडी काढत नाही. आपणच काढू. दुकानात बसून मीच शेवटची दोन पानं लिहिली. वैनगंगेला पूर, शाळेची पोरं अडकलेली, मुरली एकेकाला काठावर आणून सोडतो आणि शेवटच्या खेपेला भिजलेल्या पंखांसकट पाण्यात जातो. लिहिताना मी स्वतः रडलो. मला तर वाटलं, आपल्यातही एक लेखक आहे. नागपूरहून उत्तर आलं, 'उत्तम.' पाठोपाठ कराराचे कागद आणि छपाईचं प्रूफ आलं. सिस्टरबाई आपलं लिहिलेलं पुन्हा वाचत नाहीत, हे मला ठाऊक होतं. सही होऊन जाईल, पुस्तक हातात पडलं की रागही उतरेल, असा माझा हिशेब.

सही करायला त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या. कराराकडे पाहिलंही नाही, प्रूफच उचललं. छापलेलं आपलं नाव बोटानं चाचपलं. आणि मग, नको तिथं, शेवटून उघडलं.

दोन पानं वाचायला त्यांना फार वेळ लागला. मी उगाचच मशीनमध्ये कागद भरत राहिलो. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"हे तू लिवलं?"

"हो."

"वेळ नाही लिवली."

"कसली वेळ?"

"किती वाजता गेला त्याची. लिवा लागते ना." त्यांचा आवाज दवाखान्यातला होता, कामाचा. "पयल्यांदा गेला तवा म्या लिवली होती. सकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या दिवसचा होता. दीड किलोचं लेकरू, म्या पोटाशी धरून बसली होती, ऊब देऊन राहिली होती. नाही राहिला. अन् तू त्याले दुसऱ्यांदा मारला."

रेखा, गोवर्धन, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी विचारलं, "सगळेच?"

"अकरा," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत अकराच माह्या हातून गेले. बाकी सारे जगले. तुह्यासारखा पायाळूबी जगला." या शेवटच्या वाक्यात अभिमान होता, आणि तो असायलाच हवा. त्या काळी, त्या रस्त्यांवर, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून चालत जाऊन बाळंतपणं करणाऱ्या बाईनं फक्त अकरा गमावावेत, ही छाती फुगवून सांगायची गोष्ट आहे. मी ती सांगत आलोय आणि सांगत राहीन.

आपल्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येते, लेकराचं नशीब लिहून जाते. खेड्यात तेव्हा घरात पेन कुठला असायचा? सिस्टरचाच मागून नेत.

"किती पाचव्याइले माहा पेन गेला त्याची गिनतीच नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण हे अकरा पाचवीपर्यंत पोचलेच नाही. पेन माह्याच खिशात राहिला. म्हंजे या लेकराइचं काई लिवलंच गेलं नाही ना जी. सटवाईचं बी काय चुकलं, तिची पाळीच आली नाही. मंग कोणी तं लिवा लागते."

मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. मी त्यांच्यादेखत ती दोन पानं फाडली आणि कॉम्प्युटरमधूनही पुसली. नागपूरला फोन लावला. मुरली मरणार नाही आणि वजनही राहील, असं सांगितलं. प्रकाशक समजावू लागले, बाजार, वाचक, संधी. मी म्हणालो, "साहेब, तुमचं बरोबर असेल. पण आमचा मुरली नाही मरत. नसेल जमत तर राहू द्या." त्यांना नाही जमलं. करार परत गेला. सिस्टरबाई उठताना म्हणाल्या, "तुह्यं पूर आल्याचं वर्णन चांगलं होतं. पोरं वाचवली तेवढं पुन्हा लिव."

पंधरा दिवसांनी त्या बाराव्या भागाची वही घेऊन आल्या. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मी पत्रिका छापण्याच्या गडबडीत होतो. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "याच्यात मुरलीचं लगन जमलं. एक पत्रिका छापून दे. एकच. चांगल्या कागदावर."

मी सोनेरी गणपतीवाला, सगळ्यांत भारी कागद काढला. चि. मुरली. वधूचं नाव त्यांनी वहीत लिहून आणलंच होतं, चि. सौ. कां. संगीता. आईच्या नावाशी आल्यावर त्यांनी ते हळूच सांगितलं, "सरस्वताबाई. कारध्याले राहते. माहेरी आली होती बाळंतपणाले. माह्यासंगं चलतं का? एकटीनं जायले यंदा जीव होत नाही."

आम्ही सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो आणि पूल ओलांडून कारध्याला पोचलो. सरस्वताबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या. सिस्टरबाईंना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पाणी आणलं, चहा ठेवला. नंतर दोन मुली झाल्या, दोघी आपापल्या सासरी आहेत, हे मला कळलं. सिस्टरबाई दरवर्षी येतात, हेही तिथंच कळलं. मुरली कोणत्या वर्गात गेला, कुणाशी भांडला, टेम्पोवर कधी बसला, सगळं या अंगणात आधी सांगून झालेलं होतं. मी ज्या कादंबरीला इतकी वर्षं कल्पनाशक्ती म्हणत होतो, तिची पहिली वाचक ही बाई होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. गेली तीन वर्षं ती फक्त एकच विचारत होती, पोराचं लगन कधी करता सिस्टर.

सिस्टरबाईंनी पिशवीतून पत्रिका काढून तिच्या हातात दिली. तिनं पदरानं हात पुसून ती घेतली. गणपतीला बोट लावून नमस्कार केला. अक्षरांवरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मुरलीच्या नावावर बोट ठेवलं, मग तिच्या. ती बराच वेळ तिथंच पाहत राहिली. शेगडीवर चहा उतू गेला, तो कुणी उतरवला नाही.

मग तिनं सिस्टरबाईंकडे तोंड केलं आणि नवरदेवाच्या आईनं विचारावं तशाच ठसक्यात विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"रंगानं सावळी आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण तुले सांभाळन."