राक्षसाला मुजरा

आबासाहेब पत्त्यातल्या राक्षसालासुद्धा आधी मुजरा करतात आणि मग मारतात.

राक्षस कसला, तर 'सर्दी झालेला वेताळ' नाहीतर 'भाडं थकवणारी चेटकीण'. त्यांची नात रेवा हा खेळ बंगलोरहून घेऊन आली. पत्ता उपसायचा, राक्षस निघाला तर हातातल्या शस्त्रांनी लढायचं, जमत नसेल तर कुणाची तरी मदत मागायची. मदत करणारा लुटीतला हिस्सा मागतो आणि संधी मिळाली की आपल्याला खड्ड्यात ढकलतो.

"म्हणजे दरबारच की!" नियम ऐकून आबासाहेब म्हणाले.

दरबाराशी त्यांचं नातं जुनं आहे. त्यांचे पणजोबा अब्दागिरी धरत. अब्दागिरी म्हणजे मानाची छत्री. ती नसती तर राज्य उन्हानं करपलं असतं, अशा थाटात आबासाहेब ही हकीकत सांगतात. स्वतः ते सहकारी बँकेत कारकून होते, पण तो भाग ते 'मधली काही वर्षं' म्हणून उरकतात.

खासगी बाजार नावाच्या पेठेत मी त्यांच्या समोर राहतो, त्यामुळे रविवारच्या डावाला मला कायमचं बोलावणं असतं. बसायचं मानाप्रमाणे. पत्ता टाकायचा उजव्या हातानं. वडीलधाऱ्यावर शापाचा पत्ता टाकायचा असेल तर आधी "माफी असावी" म्हणायचं. रेवा वैतागते. "आजोबा, ये कौनसा रूल है? डब्यात तर लिहिलेलं नाही!"

"डब्यात नसेल. रिवाज आहे."

आणखी एक रिवाज म्हणजे आबासाहेब मदत मागत नाहीत. सर्दी झालेल्या वेताळाकडूनही ते ताठ मानेनं हरतात आणि सोंगटी एक घर मागे जाऊ देतात.

डावातला चौथा गडी त्यांचा धाकटा भाऊ, भाऊसाहेब. ते गावातल्याच दौलतगंजातून येतात. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एका दसऱ्याला आबासाहेब पगडीची टाचणी शोधत राहिले, मुहूर्त टळायला आला, म्हणून भाऊसाहेबांनी घरच्या तलवारीला पहिलं कुंकू लावलं. ती तलवार म्यानातून निघतही नाही. पण थोरल्याचा मान तो मान. तेव्हापासून सगळा व्यवहार रेवाच्या मार्फत.

"रेवा, तुझ्या काकाआजोबांना सांग, चहा थंड होतोय."

"रेवा, तुझ्या आजोबांना सांग, मला दिसतोय."

गेल्या महिन्यात भाऊसाहेबांनी दौलतगंजातलं घर सोडून इंदूरला मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. निघण्याआधीचा शेवटचा रविवार आला. डाव मांडता मांडता रेवा आजोबांच्या कानाशी लागली. "आजोबा, आज तरी बोलून टाका ना. प्लीज यार."

"जाणाऱ्यानं निरोप मागायचा असतो," आबासाहेब भिंतीला म्हणाले.

"रेवा," भाऊसाहेब खिडकीला म्हणाले, "थोरल्यानं बोलावल्याशिवाय धाकट्यानं पुढं व्हायचं नसतं. एकदा झालो होतो, चांगलंच लक्षात आहे."

दोघांचंही शास्त्राला धरून होतं. अशा शास्त्रानं माणसं आयुष्यभर गप्प बसू शकतात.

डाव सुरू झाला. आबासाहेबांनी पत्ता उपसला तर निघाला 'दातदुखीनं पिसाळलेला ड्रॅगन', सगळ्या गड्डीतला सर्वांत जबर. मुजरा झाला. आता नेहमीसारखे हरतील म्हणून रेवानं त्यांची सोंगटी मागे घ्यायला हातही पुढं केला.

आबासाहेब हातातले पत्ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मदत करशील का?"

"मी?" रेवानं विचारलं.

"तू नाही. हा."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. "हिस्सा काय?" त्यांनी थेट भावाला विचारलं.

"सगळा घे."

"सगळा नको. फ्लॅट लहान आहे मुलाचा."

"मग अर्धा घे. पण घे."

भाऊसाहेबांनी आपली 'उडती चप्पल' खाली ठेवली. ड्रॅगन पडला. रेवानं टाळ्या वाजवल्या आणि लगेच डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. "चहा बघते," म्हणाली. गॅसवर काही नव्हतं.

डाव मोडल्यावर पत्ते मी गोळा केले. आबासाहेबांचे पत्ते पालथे होते, ते सरळ करताना वरचाच दिसला: 'लवंगेचं तेल. दातदुखीचा कोणताही राक्षस एकट्यानं जिंकता येतो.'

मी मान वर केली. आबासाहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते भावाला विचारत होते, "गाडी किती वाजता आहे तुझी? स्टेशनवर येतो मी."

मी तो पत्ता गड्डीत खोल सरकवला आणि पिसत बसलो.