चार इंच खाली

खानझोडेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून ओळंबा काढायचे, चपला नंतर. आमच्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्याकडे न बघता भिंतीला ओळंबा लावला आणि म्हणाले, "पाव इंच बाहेर आहे."

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ते सिव्हिल इंजिनिअर. मी स्टोअरमधला कारकून आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी. आमची ही क्वार्टर्स त्यांनीच तरुणपणी उन्हात उभं राहून बांधून घेतलेली. "नक्शा मतलब नक्शा" हे त्यांचं ब्रीद. अशोका गार्डन भागातला एक गवंडी "साहब, उन्नीस-बीस चलता है" म्हणाला, तर त्याला अख्खी भिंत पाडायला लावली. माझ्या बायकोने फळीसाठी दोन खिळे ठोकले, तर माझ्याकडे लेखी खुलासा मागितला! मला हा माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

मग स्वयंपाकघरातले जुने ओटे फोडून नवे घालायचं ठरलं. बायकांनी विनवण्या केल्या, साहेब बधले नाहीत. आमचा ओटा ऐन दिवाळीच्या फराळात फुटला. शेवटी त्यांचंच क्वार्टर उरलं. गंमत बघायला मी वर गेलो, खोटं कशाला सांगू?

त्यांच्या हाताखालच्या तिवारीने टेप लावली आणि तो चपापला. "सर, ये तो नक्शे से चार इंच नीचे है."

"मालूम है. मैंने ही बनवाया."

"तो फिर तोड़ना पड़ेगा. आर्डर पे आपके ही दस्तखत हैं."

साहेब स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. "तो मेरे ही नाम से शिकायत लिखो. चार्जशीट दो, पेन्शन रोको. हथौड़ा अंदर नहीं जाएगा!"

तिवारी मजुरांना घेऊन जिना उतरला.

"चहा घ्या," साहेब मला म्हणाले. सहा फुटांचा तो माणूस, कमरेला पाठदुखीचा पट्टा, आणि त्या बुटक्या ओट्यावर पार वाकून आलं किसत होता. मला एकदम खानझोडेकाकू आठवल्या. जेमतेम साडेचार फुटांच्या. लग्न होऊन नागपूरहून आल्या, तेव्हा याच इमारतीचं काम चालू होतं म्हणे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी राहवेना. "साहेब, नक्शा मतलब नक्शा ना?"

त्यांनी वाकूनच चहा गाळला.

"नकाशाच चुकला होता बाप्पा. त्यात तिची उंची कुठं होती?"